ग्वांगझू २०१० : वीरधवल खाडे यांच्या ५० मीटर बटरफ्लायच्या कांस्यपदकाची तुलना कशाशी करावी?

स्मरणिकेचा_संपादक

नमस्कार. आमच्या जलतरण मंडळाची स्मरणिका लवकरच निघणार असून तिच्यातील आशियाई क्रीडा स्पर्धांविषयीची दोन पाने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी स्वतः पोहतो तो केवळ हौसेने आणि तेही ब्रेस्टस्ट्रोक. बटरफ्लाय मला कधीच जमले नाही, त्यामुळे त्या प्रकारावर अधिकाराने लिहिण्याची माझी तयारी नाही. म्हणून हा प्रश्न इथे मांडत आहे.

नोव्हेंबर २०१० मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी पुरुषांच्या ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत २४.३१ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळवले. त्या वेळी ते १९ वर्षांचे होते. मसुद्यात मी असे वाक्य लिहिले होते : ‘१९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत खजान सिंग यांनी बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळवले, त्यानंतर २४ वर्षांनी खाडे यांनी त्याच प्रकारात पदक मिळवून त्या पराक्रमाची पुनरावृत्ती केली.’

हे वाक्य मंडळातील दोन ज्येष्ठांनी खोडले, आणि तेही दोन वेगवेगळ्या कारणांनी. एकांचे म्हणणे असे की खजान सिंग यांची शर्यत २०० मीटरची होती, खाडे यांची ५० मीटरची, त्यामुळे ‘पुनरावृत्ती’ हा शब्द निव्वळ चुकीचा आहे. दुसऱ्यांचे म्हणणे त्याहून कठोर आहे. खाडे हे मुळात फ्रीस्टाईलचे जलतरणपटू, बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाईलच पोहले. तिथे आशियात पदक मिळण्यासारखे नव्हते, म्हणून ऑलिंपिकमध्ये नसलेल्या एका शर्यतीत त्यांनी आडवाटेने पदक मिळवले, असे त्यांना वाटते.

मला जाणून घ्यायचे आहे ते इतकेच की फ्रीस्टाईलचा जलतरणपटू बटरफ्लायमध्ये पदक मिळवतो ही गोष्ट जाणकारांना विचित्र वाटते की स्वाभाविक, आणि ५० मीटर व २०० मीटर बटरफ्लाय या एकाच प्रकाराच्या दोन शर्यती मानाव्यात की दोन वेगळे प्रकारच मानावेत. कृपया केवळ अभिमानाची किंवा केवळ टीकेची वाक्ये नकोत, कारण ती मसुद्यात आधीच पुरेशी आहेत.

---

लेन_चार

मी काही वर्षे राज्य स्पर्धांमध्ये ५० आणि १०० मीटर बटरफ्लाय पोहलो. २०० मीटर मात्र आयुष्यात एकदाच पोहलो, कारण त्या वर्षी आमच्या जिल्ह्याकडून त्या शर्यतीला कोणी नव्हते आणि प्रशिक्षकांनी माझे नाव परस्पर घालून टाकले. पहिले १०० मीटर मी मोठ्या रुबाबात पार केले. तिसऱ्या वळणानंतर माझे हात पाण्याबाहेर निघेनात. फुप्फुसांत हवा होती, पायही चालत होते, पण खांदे जणू दुसऱ्याच कोणाचे झाले होते. शेवटचे २५ मीटर मी जे काही केले त्याला पंचांनी बटरफ्लाय मानले हा त्यांचा मोठेपणा. आपल्या दुसऱ्या शंकेचे माझ्यापुरते उत्तर त्या दिवशीच मिळाले होते, पण कारणे सांगायला हवीत.

फ्रीस्टाईलमध्ये हात आळीपाळीने चालतात, म्हणजे एक हात हवेतून पुढे येत असताना दुसरा पाणी मागे ढकलत असतो आणि शरीराचा वेग साधारण एकसारखा राहतो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेरून पुढे येतात. तेवढा क्षण हातांचा जोर शून्य असतो, वेग उतरतो आणि पुढच्या स्ट्रोकला तो पुन्हा उभा करावा लागतो. प्रत्येक स्ट्रोकमागे पायांचे दोन फटके असतात, एक हात पाण्यात शिरताना आणि दुसरा हात मांडीपाशी बाहेर निघताना. दुसऱ्या फटक्याची वेळ चुकली की हात उचलायला आधारच राहत नाही. श्वासासाठी हनुवटी जरा जास्त वर आली तर कंबर खाली जाते आणि मग पुढचा स्ट्रोक चढावर सायकल मारल्यासारखा होतो. म्हणून ही पद्धत वेगवान असली तरी खर्चीक आहे, आणि तो खर्च अंतरागणिक चढत जातो.

हा खर्च आकड्यांत पाहता येतो. ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये सेझार सिएलो यांनी २००९ मध्ये २०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता आणि ५० मीटर बटरफ्लायमध्ये आंद्री गोवोरोव्ह यांनी २०१८ मध्ये २२.२७ सेकंदांचा केला. फरक १.३६ सेकंदांचा आहे. २०० मीटरमध्ये पॉल बीडरमान यांचा २००९ चा फ्रीस्टाईलचा विश्वविक्रम १ मिनिट ४२.०० सेकंदांचा आणि क्रिस्टोफ मिलाक यांचा २०२२ चा बटरफ्लायचा १ मिनिट ५०.३४ सेकंदांचा. इथे फरक ८.३४ सेकंद होतो, म्हणजे दर ५० मीटरमागे दोन सेकंदांहून अधिक. जगातले सर्वोत्तम जलतरणपटू घेतले तरी अंतर वाढताच बटरफ्लाय फ्रीस्टाईलपासून असे दूर जाते. आमच्यासारख्यांच्या बाबतीत ते किती दूर जात असेल ते मी वर सांगितलेच आहे.

आता ५० मीटरकडे पाहू. मोठ्या तलावात ही शर्यत एकाच लांबीची असल्याने तिच्यात वळण नाही. सुरुवातीची उडी मिळते ती पूर्ण शर्यतीची गुंतवणूक असते, कारण पोहताना येणार नाही एवढा वेग त्या उडीतून पाण्यात शिरतानाच मिळतो. नियमानुसार १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहून डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेले फटके, मारता येतात, म्हणजे शर्यतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा हात न वापरताच संपू शकतो. ही मर्यादा १९९८ मध्ये आली. त्याआधी रशियाच्या डेनिस पंक्रातोव्ह यांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये पाण्याखालून इतके अंतर कापले होते की शर्यत पाण्यावरची आहे की पाण्याखालची असा प्रश्न पडावा. उरलेल्या ३५ मीटरमध्ये चांगला जलतरणपटू श्वास घेतो तो एखाद-दोनदा, काही जण घेतच नाहीत. थकवा येऊन खांदे आखडण्याच्या आत हात भिंतीला लागलेले असतात.

थोडक्यात, ५० मीटर बटरफ्लायला जे लागते ते म्हणजे झटपट उडी, जोरकस पाय, रुंद खांद्यांची ताकद आणि श्वास रोखण्याची तयारी, आणि हेच सगळे ५० मीटर फ्रीस्टाईलला लागते. त्यामुळे फ्रीस्टाईलच्या धडाडीच्या जलतरणपटूंनी ही शर्यत जिंकणे हा अपवाद नाही. वर उल्लेख आलेले ब्राझीलचे सिएलो २००८ चे ५० मीटर फ्रीस्टाईलचे ऑलिंपिक विजेते. त्यांनीच २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांमध्ये ५० मीटर बटरफ्लायही जिंकली. ब्रिटनचे बेन प्राउड २०१७ मध्ये ५० मीटर बटरफ्लायचे आणि २०२२ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचे जगज्जेते झाले. खाडे त्याच जातकुळीचे जलतरणपटू होते. आपल्या दुसऱ्या ज्येष्ठांना जी आडवाट वाटते तो धावपटूंनी १०० आणि २०० मीटर दोन्ही धावण्यासारखा सरळ रस्ता आहे.

पहिल्या ज्येष्ठांशी मात्र मी सहमत आहे. ‘पुनरावृत्ती’ हा शब्द काढावा.

---

सोलचा_वाचक

१९८६ मध्ये मी महाविद्यालयात होतो. सोलच्या स्पर्धेची आठवण आमच्या पिढीला आहे ती पी. टी. उषा यांची. भारताला त्या स्पर्धेत एकूण पाच सुवर्णपदके मिळाली, त्यांतील चार उषा यांच्या वाट्याची होती, एक रिलेचे धरून, आणि पाचवे कुस्तीत कर्तार सिंग यांचे. या झगमगाटात खजान सिंग यांचे रौप्यपदक आतल्या पानावर गेले. त्या वेळी ते किती मोठे आहे हे आम्हाला कळलेही नाही. भारताला आशियाई स्पर्धेच्या जलतरणात त्याआधीचे पदक मिळाले होते ते थेट १९५१ च्या दिल्लीच्या पहिल्या स्पर्धेत, जिथे सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाईल जिंकून आशियाई स्पर्धांतील भारताचे पहिलेच सुवर्णपदक मिळवले होते. म्हणजे खजान सिंग यांनी तोडलेला दुष्काळ ३५ वर्षांचा होता. खाडे यांच्या २४ वर्षांचा उल्लेख सगळे करतात, या ३५ वर्षांचा कोणी करत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

लेन_चार यांनी २०० मीटरचे जे वर्णन केले आहे ते वाचल्यावर एक प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्या काळात आपल्याकडे उत्तम तलाव मोजके आणि पाण्याखालचे चित्रीकरण पाहून स्ट्रोक सुधारण्याची सोय जवळजवळ नव्हती, त्या काळात हरियाणा-दिल्लीच्या बाजूचा एक तरुण सर्वांत कष्टाच्या शर्यतीत आशियात दुसरा येतो. याच्या शेजारी २४ सेकंदांची शर्यत ठेवायची तर ती जरा खालच्या पायरीवरच ठेवावी लागेल, असे माझे मत आहे. केरळचे साजन प्रकाश हे त्याच परंपरेतील खरे वारस. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत ते १ मिनिट ५७.७५ सेकंदांत पोहले, ही वेळ खजान सिंग यांच्या काळी कोणा भारतीयाच्या स्वप्नातही नसेल, आणि तरी ते पाचवे आले. पुढे मानेच्या दुखण्यातून सावरून त्यांनी जून २०२१ मध्ये रोम येथे १ मिनिट ५६.३८ सेकंदांची वेळ दिली आणि ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठणारे ते पहिले भारतीय जलतरणपटू ठरले. पदक नाही, म्हणून त्यांचे नाव आपल्या दोन पानांतून गळू देऊ नये, ही विनंती.

---

जुना_स्टॉपवॉच

बरीच वर्षे जिल्हा आणि राज्य स्पर्धांमध्ये पंच म्हणून तलावाच्या काठावर उभा राहिलो आहे, त्यामुळे दोन-तीन गोष्टी जोडतो आणि एक दुरुस्ती सुचवतो.

दुरुस्ती लेन_चार यांच्या आकड्यांविषयी आहे. त्यांनी घेतलेले फ्रीस्टाईलचे दोन्ही विक्रम २००९ चे, म्हणजे वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या पोहण्याच्या पोशाखांच्या काळातले आहेत, तर बटरफ्लायचे दोन्ही विक्रम त्यानंतरचे, साध्या कापडी पोशाखातले. ते पोशाख १ जानेवारी २०१० पासून बंद झाले. तुलना एकाच काळातील वेळांची केली तर दोन्ही फरक कमी होतील. अंतराबरोबर खर्च वाढतो हा निष्कर्ष तरीही टिकेल असे मला वाटते, पण स्मरणिकेत ते आकडे जसेच्या तसे छापू नयेत. याच कारणाने खाडे यांच्या २४.३१ सेकंदांकडे थोडे आदराने पाहायला हवे. ग्वांगझूची स्पर्धा कापडी पोशाखाच्या पहिल्याच वर्षातली होती, आणि आदल्या वर्षीच्या वेळा डोळ्यांसमोर ठेवून अनेक जलतरणपटू त्या हंगामात मनाने खचलेले असत. गंमत अशी की त्या पोशाखांच्या काळात, २००९ मध्ये, स्पेनच्या राफाएल मुन्योझ यांनी ५० मीटर बटरफ्लायचा विश्वविक्रम २२.४३ सेकंदांचा केला होता आणि खाडे यांनी जकार्त्यात प्राथमिक फेरीत केलेला ५० मीटर फ्रीस्टाईलचा राष्ट्रीय विक्रमही बरोबर २२.४३ सेकंदांचाच होता.

आता सोलचा_वाचक यांच्या पायरीविषयी. २०० मीटर अधिक कष्टाची, हे मान्य. पण ५० मीटरमध्ये चूक दुरुस्त करायला जागा नसते, हे काठावरून जितके दिसते तितके प्रेक्षकांतून दिसत नाही. बटरफ्लायमध्ये शेवट दोन्ही हातांनी एकाच वेळी करावा लागतो. हात एकाच पातळीवर असण्याची सक्ती नाही, पण भिंतीला लागायचे ते एकाच क्षणी. फ्रीस्टाईलमध्ये भिंत जवळ आली की जो हात पुढे असेल तो झोकून देता येतो. इथे ती सोय नाही. भिंत नेमकी स्ट्रोकच्या शेवटी आली तर उत्तम, पण ती अर्ध्यात आली तर हात ताणून तसेच वाहत जायचे की आणखी एक आखूड स्ट्रोक मारायचा, हे क्षणात ठरवावे लागते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील १०० मीटर बटरफ्लाय आठवा. सर्बियाचे मिलोराद चाविच पुढे होते आणि ते हात ताणून वाहत आले. मायकेल फेल्प्स यांनी अर्धा स्ट्रोक जास्तीचा मारला. निकाल ५०.५८ विरुद्ध ५०.५९. चाविच हे थकल्यामुळे हरले असे म्हणता येणार नाही. त्यांचा हिशेब एका स्ट्रोकने चुकला.

५० मीटरमध्ये हा हिशेब उडीपासूनच सुरू होतो. पाण्याखालच्या किक किती, वर येऊन स्ट्रोक किती, हे सरावात मोजून ठेवलेले असते, आणि अंतिम फेरीच्या धांदलीत एक किक कमी-जास्त झाली की शेवटचा स्ट्रोक भिंतीशी जुळत नाही. २४.३१ सेकंदांत ५० मीटर म्हणजे सरासरी वेग सेकंदाला दोन मीटरहून थोडा जास्त, तेव्हा सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे साधारण दोन सेंटीमीटर. नखे वाढवून पोहावे का, असे मला एका मुलाने गंभीरपणे विचारले होते.

हजाराव्या भागापर्यंत वेळ का मोजत नाहीत, हा प्रश्नही पुष्कळ जण विचारतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मिडले (एकाच शर्यतीत चारही प्रकार पोहण्याच्या) शर्यतीत स्वीडनचे गुन्नार लार्सन ०.००२ सेकंदाने पहिले ठरवले गेले. पण तलावाच्या दोन लेनच्या लांबीत बांधकामामुळेच त्याहून जास्त फरक असू शकतो हे लक्षात आल्यावर शंभराव्या भागावर थांबायचे ठरले. त्याचा परिणाम बटरफ्लायमध्येच फार सुंदर दिसला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगापूरचे जोसेफ स्कूलिंग १०० मीटर बटरफ्लाय ५०.३९ सेकंदांत जिंकले आणि त्यांच्या मागे फेल्प्स, चॅड ले क्लो आणि लास्लो चेह हे तिघेही ५१.१४ सेकंदांवर एकत्र आले. तिघांनाही रौप्य मिळाले आणि कांस्य कोणालाच मिळाले नाही.

---

रंकाळाकाठ

कोल्हापुरातून लिहितो. आमच्याकडे पोहायला शिकणे म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले जाणे, अशी माझ्या वडिलांच्या पिढीची व्याख्या होती आणि माझ्या पिढीपर्यंत ती फारशी बदललेली नव्हती. पंचगंगेच्या घाटावरून सूर मारणारी मुले आमच्याकडे कधी कमी नव्हती, पण सूर मारणे आणि स्टार्टिंग ब्लॉकवरून उडी घेणे यांत किती अंतर आहे ते वर आलेच आहे. वीरधवल यांनाही घर सोडून बंगळूरला निहार अमीन यांच्याकडे सरावाला जावे लागले, तेव्हा कुठे हे अंतर तुटले. त्यामुळे आम्ही ‘आमचा वीरधवल’ म्हणतो तेव्हा त्यात बंगळूरचा वाटा असतो हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. ग्वांगझूच्या पदकानंतर त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि राज्य शासनाने त्यांना तहसीलदारपदी नेमले. खेळाडूला स्थिर नोकरी मिळावी ही गोष्ट चांगलीच आहे, पण तहसील कार्यालयाचे काम हे सकाळ-संध्याकाळच्या दोन सरावांच्या मध्ये बसवता येण्यासारखे नसते. मधली काही वर्षे ते स्पर्धांपासून दूरच होते. परत आले ते जकार्त्याला, २०१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि तिथे ५० मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांसह चौथे आले. तिसरे आलेले जपानचे जलतरणपटू २२.४६. जुना_स्टॉपवॉच यांच्या हिशेबाने दोन सेंटीमीटर.

फ्रीस्टाईलमध्ये पदक मिळण्यासारखे नव्हते म्हणून ते आडवाटेला गेले, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना हे दोन सेंटीमीटर जरूर दाखवावेत. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ते आणि त्यांच्या पत्नी ऋजुता अशा दोघांनीही आपापल्या गटात ५० मीटर फ्रीस्टाईलचे सुवर्ण जिंकले, ही बातमी वाचून आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मीच वाटले.

---

सोलचा_वाचक

जुना_स्टॉपवॉच यांचे स्पष्टीकरण वाचून माझी ‘पायरी’ मी मागे घेत नाही, पण तिची उंची थोडी कमी करतो. एक शंका मात्र उरते. ५० मीटर बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये नसल्यामुळे आशियातील बलाढ्य देश तिला दुय्यम मानत असतील आणि त्यामुळे स्पर्धा हलकी पडत असेल, हा त्या दुसऱ्या ज्येष्ठांचा मुद्दा अजून कोणी खोडलेला नाही.

---

लेन_चार

पोशाखांविषयीची दुरुस्ती मान्य. मी तो भेद लक्षात घ्यायला हवा होता.

शंकेविषयी सांगतो. ऑलिंपिकमध्ये ती शर्यत नव्हती हे खरे, पण जागतिक जलतरण स्पर्धेत ती २००१ पासून आहे आणि तिथे तिला कोणी हलके मानत नाही. आशियाई स्पर्धेत प्रत्येक देशाला एका शर्यतीत दोनच जलतरणपटू उतरवता येतात, त्यामुळे चीन आणि जपान यांचे मिळून जास्तीत जास्त चार जण समोर असतात आणि इतर देशांना पदकाची फट राहते. याचा फायदा खाडे यांना मिळाला असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. पण हाच नियम २०० मीटरलाही लागू असतो. सोलमध्येही एका देशाच्या चार-पाच जणांशी खजान सिंग यांना झुंजावे लागले नव्हते. ग्वांगझूत सुवर्ण जिंकणारे झोऊ जियावेई हे यजमान चीनचेच होते आणि घरच्या प्रेक्षकांसमोर, आओती जलतरण केंद्रात पोहत होते. यजमान देश घरच्या स्पर्धेत कोणतीही शर्यत दुय्यम मानत नाही, आणि चीन तर मुळीच नाही.

दुसरे असे की ही मुभा सर्वांना सारखीच असूनही भारताला १९५१ नंतर आशियाई स्पर्धेच्या जलतरणात तीनच पदके मिळाली आहेत. १९८६ मध्ये खजान सिंग, २०१० मध्ये खाडे आणि २०१४ मध्ये इंचिऑन येथे ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये संदीप सेजवाल यांचे कांस्य. फट सगळ्यांसाठी उघडी होती, पण तिच्यातून पार होणारे एवढेच निघाले. यांतील दोन पदके ५० मीटरच्या, तेव्हा ऑलिंपिकबाह्य असलेल्या शर्यतींतली आहेत, याची नोंद मात्र जरूर घ्यावी. आपल्या जलतरणपटूंना वेग लवकर साधतो, तो टिकवायला लागणारी वर्षानुवर्षांची मैलोगणती कमी पडते, असा माझा त्यातून काढलेला अंदाज आहे. तो अंदाजच समजावा.

---

स्मरणिकेचा_संपादक

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या ज्येष्ठांना ‘पुनरावृत्ती’ काढल्याचे कळवले, ते प्रसन्न झाले. दुसऱ्या ज्येष्ठांना सिएलो आणि प्राउड यांची उदाहरणे वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि “बरं, आडवाट नको म्हणूया” एवढेच म्हणाले. साजन प्रकाश यांच्यासाठी अर्धा रकाना वाढवून घेतला आहे, त्यासाठी एका मिठाईवाल्याची जाहिरात आतल्या पानावर सरकवावी लागली.

आता मजकूर असा केला आहे :

‘१९५१ नंतर आशियाई स्पर्धेच्या जलतरणात भारताला पदकासाठी १९८६ पर्यंत थांबावे लागले. सोल येथे खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळवले. त्यानंतरचे पदक २०१० मध्ये ग्वांगझू येथे वीरधवल खाडे यांना मिळाले, तेही बटरफ्लायमध्येच, परंतु ५० मीटरच्या शर्यतीत. दोन्ही शर्यतींत हातांची हालचाल एकच असली तरी एकीत दमाची आणि दुसरीत उडी, पाण्याखालचे अंतर व भिंतीशी जुळणारा शेवटचा स्ट्रोक यांची परीक्षा असते, म्हणून या दोन पदकांची प्रतवारी लावण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. ५० मीटर बटरफ्लाय ही ऑलिंपिकमध्ये नसलेली शर्यत आहे.’

काही चुकले असल्यास आजच सांगावे, उद्या मजकूर छापखान्यात जाईल.

---

जुना_स्टॉपवॉच

शेवटचे वाक्य बदलावे. ५० मीटर बटरफ्लायचा समावेश २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे, आणि तिच्यासोबत ५० मीटर बॅकस्ट्रोक व ब्रेस्टस्ट्रोकही येणार आहेत. तेव्हा ‘नसलेली शर्यत आहे’ याऐवजी ‘त्या वेळी ऑलिंपिकमध्ये नसलेली शर्यत होती’ असे लिहावे. बाकी मजकूर ठीक आहे. ‘दमाची’ या शब्दापुढे ‘आणि खांद्यांची’ असे जोडले तर लेन_चार यांना बरे वाटेल.

---

लेन_चार

जोडावेच.